कॅलेंडरच्या चौकटीतले रात्रीचे जेवण

आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजच्या बाजूला भिंतीवर एक कॅलेंडर टांगलेले असते. दूध कोणत्या दिवशी आले नाही, सिलिंडर कधी लावला, संकष्टी कोणत्या वारी आहे, अशा नोंदी त्याच्या चौकटींत असतात. गेली सहा वर्षे त्यांच्या जोडीला पेन्सिलीने केलेल्या आणखी काही नोंदी दिसू लागल्या आहेत: १० फेब्रुवारीला ‘डाळिंब्या’, ३० मार्चला ‘इडली’, २५ ऑक्टोबरला ‘वरणफळे’. जगात निरनिराळ्या पदार्थांच्या आणि जिनसांच्या नावाने जे खाद्यदिन पाळले जातात, त्यांतले थोडे निवडून मी वर्षाच्या सुरुवातीलाच टिपून ठेवते आणि कामाच्या दिवसांतले रात्रीचे जेवण त्यांच्या आधाराने ठरवते. ही पद्धत पुण्यातल्या नोकरदार घरात कशी बसवावी, तिच्यात कोणत्या अडचणी येतात आणि त्या कशा टाळाव्यात, हे इथे सविस्तर सांगत आहे.

संध्याकाळी साडेसातला हडपसरहून कोथरूडला पोहोचलेल्या माणसाला स्वयंपाकाचे कष्ट फारसे अडवत नाहीत. कणीक दहा मिनिटांत मळून होते आणि कुकर आपले काम आपणच करतो. वेळ जातो तो ‘आज काय करायचे?’ या प्रश्नात. फ्रीजचे दार उघडून उभे राहावे, अर्धी दुधी आणि चार वांगी पाहावीत, दार लावावे आणि शेवटी बाहेरून मागवावे, हे आठवड्यातून दोनदा तरी घडते. भोगीच्या दिवशी मात्र हा प्रश्न कोणालाही पडत नाही, कारण तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लेकुरवाळी भाजी आणि लोणी हे आधीच ठरलेले असते. चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत, नागपंचमीला दिंडे, ऋषिपंचमीला ऋषीची भाजी, कोजागरीला आटवलेले दूध: आपल्या पणज्यांच्या डोक्यावरचा निवडीचा भार पंचांगाने असा वर्षभर थोडा थोडा उतरवलेला होता. परक्या वाटणाऱ्या खाद्यदिनांकडूनही तेवढेच काम घ्यायचे आहे. म्हणून यादी करायला बसाल तेव्हा भोगी आणि चंपाषष्ठी यांना पहिले स्थान द्यावे, आणि बाकीचे दिवस त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत भरावेत.

कोणते दिवस घ्यावेत

खाद्यदिन साधारण तीन प्रकारचे असतात आणि हा फरक लक्षात ठेवला की गोंधळ होत नाही. पहिला प्रकार संयुक्त राष्ट्रांनी ठराव करून जाहीर केलेल्या दिवसांचा. १० फेब्रुवारीचा जागतिक कडधान्य दिन त्यांपैकी एक आहे. २०१६ हे आंतरराष्ट्रीय कडधान्य वर्ष होते, त्यानंतर हा दिवस ठरला आणि २०१९ पासून तो पाळला जातो. ३० मे हा आंतरराष्ट्रीय बटाटा दिन २०२४ पासून सुरू झाला. २९ सप्टेंबर हा अन्नाच्या नासाडीविषयी जागृती करण्याचा दिवस २०२० पासून पाळला जातो. या तारखा पक्क्या आहेत. दुसरा प्रकार उत्पादकांच्या किंवा व्यापाऱ्यांच्या संघटनांनी सुरू केलेल्या दिवसांचा आहे, जसे ऑक्टोबरच्या दुसऱ्या शुक्रवारचा अंडे दिन, २५ ऑक्टोबरचा पास्ता दिन, किंवा आशिया-पॅसिफिक भागातल्या नारळ उत्पादक देशांची संघटना २ सप्टेंबर १९६९ रोजी स्थापन झाली म्हणून त्या तारखेला पाळला जाणारा नारळ दिन. तिसऱ्या प्रकारात अमेरिकेत रूढ झालेले आणि इंटरनेटवरून पसरलेले असंख्य दिवस येतात. यांच्या तारखांत एकवाक्यता नसते. पिझ्झा दिन कुठे १७ जानेवारीला सापडतो, तर कुठे ९ फेब्रुवारीला. त्यावर खल करण्यात वेळ घालवू नये. आपल्याला जो वार सोयीचा पडेल तो घ्यावा.

संख्या मात्र आवरावी. महिन्याला दोन दिवस पुरेसे आहेत. पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात मी महिन्याला पाच-सहा दिवस टिपले होते. मार्च उजाडेपर्यंत कपाटात एकेकदा वापरलेल्या बाटल्या आणि अर्धी पाकिटे साठली, आणि घरच्यांना कोणत्याच दिवसाचे अप्रूप राहिले नाही. शनिवार-रविवारी येणारे दिवस सरळ खोडावेत, कारण सुटीच्या दिवशी स्वयंपाकाला वेळ असतो आणि ही पद्धत सोमवार ते शुक्रवार या पाच संध्याकाळींसाठी आहे. चहा, चॉकलेट, आइस्क्रीम यांचे दिवसही सोडून द्यावेत. त्यांनी जेवण होत नाही.

यानंतर यादी पंचांगाशी ताडून पाहावी, आणि ही पायरी कोणीही वगळू नये. अंडे दिनाचे उदाहरण घेऊ. पुण्याचा या विषयाशी जवळचा संबंध आहे, कारण अंडी उत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिती १९८२ साली डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने उभी राहिली ती याच शहरातून, आणि ‘संडे हो या मंडे, रोज खाओ अंडे’ ही सगळ्यांच्या तोंडी असलेली ओळ तिच्याच प्रचारातली आहे. त्यामुळे अंडे दिन यादीत घ्यावासा वाटणे स्वाभाविक आहे. पण ऑक्टोबरचा दुसरा शुक्रवार ८ ते १४ या तारखांत येतो आणि त्या सुमारास पितृपक्ष किंवा नवरात्र चालू असण्याचा संभव मोठा असतो. अशा वर्षी अंडे दिन दसऱ्यानंतरच्या शुक्रवारवर न्यावा. तिथी आपल्याला हलवता येत नाही. खाद्यदिन खुशाल हलवावा, त्याचा दोष कोणाला लागत नाही. श्रावणात येणाऱ्या दिवसांना कांदा-लसणाशिवाय होईल असाच पदार्थ नेमावा, आणि घरात सोमवार किंवा गुरुवार धरणारे कोणी असेल तर तेही पेन्सिल हातात असतानाच विचारून घ्यावे.

दिवसातून जिन्नस घ्यावा, पदार्थ आपला असावा

या पद्धतीचे सगळे यश या एका निर्णयावर अवलंबून आहे. पास्ता दिन आला म्हणून पास्त्याचे पाकीट, चीज, ऑलिव्ह तेल आणि सुकवलेले हर्ब आणायला निघालो, तर खर्च वाढतो, घरातल्या मोठ्यांना जेवण रुचत नाही, आणि बुधवारच्या रात्री आपण नवा पदार्थ शिकत उभे राहतो. त्याऐवजी पास्ता म्हणजे मुळात काय, हे पाहावे. गव्हाचे घट्ट पीठ मळून, लाटून, कापून ते उकळत्या पाण्यात किंवा रसात शिजवणे, एवढेच त्याचे तत्त्व आहे, आणि नेमके तेच आपण वरणफळांत करतो. १९९५ साली रोममध्ये भरलेल्या जागतिक पास्ता परिषदेतून पुढे आलेला २५ ऑक्टोबरचा दिवस आमच्या घरी वरणफळांचा दिवस झाला आहे, तो याच कारणाने. तारीख दिवाळीच्या आगेमागे येते. घरात फराळाचे तरी काम चाललेले असते, नाही तर फराळ खाऊन सगळे कंटाळलेले असतात. अशा वेळी एका पातेल्यात होणारे जेवण फार बरे वाटते.

चार माणसांसाठी एक वाटी तुरीची डाळ सकाळी डब्याच्या घाईतच हळद-हिंग घालून कुकरला लावून ठेवावी. संध्याकाळी घरी आल्याबरोबर दोन वाट्या कणकेत हळद, तिखट, मीठ, चिमूटभर ओवा आणि दोन चमचे तेल घालून ती पुरीच्या पिठासारखी घट्ट मळावी आणि झाकून ठेवावी. तोवर मोहरी, जिरे, कढीपत्ता, लसूण यांची फोडणी करून त्यात घोटलेली डाळ आणि पाच-सहा वाट्या पाणी घालावे. गोडा मसाला, चिंचेचा कोळ, गूळ आणि मीठ घालून आमटीला चांगली खळखळून उकळी आणावी. आमटी नेहमीपेक्षा बरीच पातळ हवी, कारण फळे तिच्यातले पाणी ओढून घेतात. पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे चौकोन कापावेत आणि उकळत्या आमटीत एक एक करून सोडावेत. सगळे एकदम टाकले तर त्यांचा गोळा होतो आणि मध्ये कच्चे पीठ राहते, म्हणून एका पोळीची फळे सोडून झाली की हलके ढवळावे, आणि मगच दुसरी पोळी लाटायला घ्यावी. शेवटची फळे सोडल्यावर आच कमी करून आठ-दहा मिनिटे झाकण ठेवावे. फळ चमच्याने तोडल्यावर आत पांढरी रेघ दिसली नाही की ते शिजले. वरून साजूक तूप आणि ओले खोबरे घालावे. घरात पाऊल टाकल्यापासून पाने घेईपर्यंत मला पन्नास मिनिटे लागतात. पोळ्या लाटायला दुसरे कोणी असेल तर चाळिसांत होते.

पॅनकेकच्या दिवसालाही हाच न्याय लावावा. ख्रिस्ती परंपरेत ईस्टरच्या ४७ दिवस आधी येणाऱ्या मंगळवारी पॅनकेक करतात, कारण दुसऱ्या दिवशी राखेच्या बुधवारपासून उपवासाचा काळ सुरू होतो आणि त्याआधी घरातली अंडी, दूध, लोणी संपवायचे असते. श्रावण लागण्यापूर्वी आषाढात तळण करून घेण्याची आपली रीत याच विचारातून आलेली दिसते, आणि ही जुळणी लक्षात आल्यापासून हा मंगळवार मला परका वाटत नाही. त्या दिवशी धिरडी करावीत. एक वाटी ज्वारीचे पीठ, अर्धी वाटी बेसन आणि पाव वाटी तांदळाचे पीठ ताकात सरसरीत भिजवावे. बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची, जिरे घालून पंधरा मिनिटे ठेवावे. बिडाच्या तव्यावर पहिले धिरडे हमखास चिकटते. त्यासाठी अर्धा कापलेला कांदा तेलात बुडवून तापलेल्या तव्यावर चोळावा, आणि प्रत्येक धिरड्याआधी तसेच करावे. फ्रीजमध्ये उरलेले गाजर, कोबी, पालक, अर्धा टोमॅटो हे सगळे या पिठात खपते, आणि घर रिकामे करण्याचा त्या दिवसाचा मूळ हेतूही साधतो.

उलटी मोजणी

काही जिनसांना आदल्या दिवशीची, काहींना तीन दिवस आधीची तयारी लागते. या पद्धतीत बहुतेकांची फसगत इथेच होते. म्हणून कॅलेंडरवर मूळ दिवसाची नोंद करताना त्याच्या आधीच्या चौकटीत ‘भिजत घालणे’ हीसुद्धा नोंद करावी. मी ती बाणाने जोडते.

कडधान्य दिनाला डाळिंब्यांची उसळ करायची असेल तर हे विशेष लागू पडते. १० फेब्रुवारी मंगळवारी आला, असे समजू. कडवे वाल शनिवारी रात्री भिजत घालावेत, रविवारी सकाळी उपसून पंच्यात घट्ट बांधावेत आणि वर ताट झाकून ठेवावे. फेब्रुवारीत पुण्याच्या रात्री अजून गार असतात, त्यामुळे मोड यायला सोमवार संध्याकाळ उजाडते. हेच काम एप्रिलमध्ये एका दिवसात होते. सोमवारी रात्री जेवणे झाल्यावर मोड आलेले वाल कोमट पाण्यात पाच-सात मिनिटे सोडावेत आणि सोलायला बसावे. अंगठा आणि तर्जनी यांच्यात वाल धरून मोडाच्या विरुद्ध टोकाशी हलके दाबले की साल हातात राहते आणि पांढरी-पिवळी डाळिंबी टपकन भांड्यात पडते. पाणी गार झाले की साल पुन्हा घट्ट बसते, म्हणून थोडे थोडे वालच कोमट पाण्यात घ्यावेत. अर्धा किलो वाल दोन माणसांना अर्धा तास पुरतात. आमच्याकडे हे काम सासूबाई आणि माझी नववीतली मुलगी करतात, आणि त्या अर्ध्या तासात त्या दोघींचे जे बोलणे होते ते एरवी आठवडाभरात होत नाही. सोललेल्या डाळिंब्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवाव्यात.

मंगळवारी संध्याकाळचे काम मग पंचवीस मिनिटांचे राहते. तेलात मोहरी, जिरे, हिंग, हळद, कढीपत्ता यांची फोडणी करून डाळिंब्या परताव्यात, कोमट पाणी घालावे आणि झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर शिजवाव्यात. डावाने फार ढवळू नये, डाळिंब्या मोडतात; भांडे फडक्याने धरून हलवावे. आमसूल किंवा चिंच अगदी शेवटी, डाळिंबी बोटाने दबू लागल्यावर घालावी, कारण आंबट आधी पडले तर कडधान्य शिजत नाही, निबर राहते. मग गूळ, गोडा मसाला, तिखट, मीठ, आणि वर ओले खोबरे व कोथिंबीर. सोबत पोळी आणि ताक पुरे. ज्यांना वालांचा एवढा व्याप नको, त्यांनी सोमवारी सकाळी मटकी भिजवावी, रात्री बांधावी आणि मंगळवारी संध्याकाळी उसळ करावी. काहीच भिजवायचे राहून गेले असेल तर अख्खा मसूर हाताशी असावा. तो अर्ध्या तासाच्या भिजवणीवरही कुकरमध्ये शिजतो आणि कांदा-खोबऱ्याच्या वाटणात उत्तम लागतो.

३० मार्चचा इडली दिन २०१५ मध्ये चेन्नईत सुरू झाला. हा दिवस सोपा वाटतो, कारण तयार पीठ आता पुण्यातल्या कोणत्याही उपनगरात मिळते. पण मार्चअखेरीस पुण्यात पारा पस्तिशीच्या पुढे गेलेला असतो, हे विसरू नये. दोन वर्षांपूर्वी मी सकाळी कामावर जाताना पीठ आणले आणि फ्रीजमध्ये जागा नव्हती म्हणून ओट्यावरच ठेवून गेले. संध्याकाळी पाहते तो ते भांड्याबाहेर येऊन ओट्यावर पसरले होते आणि इतके आंबले होते की इडली कोणी खाल्ली नसती. अशा पिठात तांदळाचे पीठ, चमचाभर साखर, भरपूर कांदा-मिरची-कोथिंबीर घालून आप्पेपात्रात आप्पे करावेत. आंबटपणा बराच झाकला जातो आणि पीठ वाया जात नाही. घरी पीठ करायचे असल्यास तीन वाट्या तांदळांना एक वाटी उडीद डाळ आणि अर्धा चमचा मेथीदाणे घ्यावेत. या दिवसांत वाटलेले पीठ सात-आठ तासांत फुगते, म्हणून रात्री अकराला वाटून सकाळी सातला फ्रीजमध्ये ठेवावे. सांबारासाठी वेगळी डाळ लावायची गरज नाही. सकाळच्या वरणातलेच दोन वाट्या काढून ठेवावे, त्यात दुधी, शेवग्याची शेंग आणि चिंच घालावी.

बाकीचे दिवस, थोडक्यात

२६ मार्चला अमेरिकेत पालक दिन असतो. इडली दिनाच्या इतक्या जवळ येत असल्याने दोन्हींतला एकच घ्यावा, आणि पालक घेतलाच तर हरभरा डाळ व शेंगदाणे घातलेली ताकातली पातळ भाजी करावी. डाळ-दाणे मात्र सकाळी भिजत टाकावेत. ३० मेच्या बटाटा दिनाला पुण्यात फार विचार करावा लागत नाही. रसासाठी पायरी बाजारात असते, पाऊस तोंडावर आलेला असतो आणि आमरसाबरोबर बटाट्याची पिवळी भाजी हे समीकरण ठरलेले आहे. पुऱ्या तळण्याचा मोह टाळून घडीच्या पोळ्या कराव्यात. बटाटे सकाळच्या कुकरमध्ये डाळ-तांदळाबरोबरच उकडून घ्यावेत. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला हा कंद पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आला आणि ‘बटाटा’ हा शब्दही त्यांच्याच भाषेतून आला, एवढी माहिती मुलांना रस गाळताना सांगता येते.

२३ ऑगस्ट हा वडापाव दिन म्हणून पाळला जातो. १९६६ साली दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी वडापावाची गाडी सुरू केली, असे मानले जाते. माझे मत असे आहे की कामाच्या दिवशी रात्री घरी वडे तळू नयेत. तेल तापवणे, सारण थंड होण्याची वाट पाहणे आणि नंतरचा ओटा आवरणे यांत दीड तास जातो. बेकरीतून ताजे पाव आणावेत, घरी लसणाची सुकी चटणी असावी आणि वडे कोपऱ्यावरच्या गाडीवरून आणावेत. श्रावणामुळे लसूण चालत नसेल तर तो दिवसच सोडावा.

नारळ दिन २ सप्टेंबरला येतो आणि तो मला फार आवडतो, कारण गणपतीच्या आगेमागे घरात नारळांची रास जमते. ते एकाच बैठकीत खवून, वाटी-वाटीचे भाग करून बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत. त्या रात्री तोंडली घालून मसालेभात करावा. दोन वाट्या आंबेमोहोर तांदूळ, धणे-जिरे-लवंग-दालचिनी-सुके खोबरे यांचा ताजा मसाला, आणि वाढताना वर ओले खोबरे आणि तूप एवढ्यावर काम होते. सोबत काकडीची कोशिंबीर असली म्हणजे जेवण पूर्ण होते. १३ सप्टेंबरचा शेंगदाणा दिन उपासाच्या दिवशी आला तरी अडत नाही. भाजलेल्या दाण्यांचे कूट वाटून, जिरे-मिरची-आमसूल घालून केलेली आमटी आणि वरीचे तांदूळ अर्ध्या तासात होतात. १० ऑक्टोबरच्या लापशी दिनाला, जो स्कॉटलंडमधून आला, ज्वारीच्या कण्या शिजवून त्यांत ताक, मीठ आणि लसणीची फोडणी घालावी. कण्या गिरणीत सांगून भरडून आणाव्या लागतात, तेवढे दोन दिवस आधी करावे.

आठवड्याची व्यवस्था

वाणसामान महिन्याचे आणि भाजी आठवड्याची, हा हिशेब ठेवून खाद्यदिनाचा खास जिन्नस वाणसामानाच्या यादीतच लिहून टाकावा, म्हणजे ऐन वेळी धावाधाव होत नाही. कडवे वाल, हातसडीचे तांदूळ, चांगली आमसुले यांसाठी मी महात्मा फुले मंडईच्या परिसरातल्या दुकानांत एकदा जाऊन तीन महिन्यांचा साठा आणते. भाजी घराजवळच्या शेतकरी आठवडे बाजारातून घ्यावी. ती ताजी असते आणि चार दिवस टिकते. रविवारी अर्धा तास काढून कांदा-खोबऱ्याचे वाटण, दाण्याचे कूट आणि चिंचेचा कोळ करून ठेवला तर वर सांगितलेल्या प्रत्येक पदार्थातली दहा मिनिटे वाचतात. अंडे दिनाचा रस्साही मग अंडी उकडून होईपर्यंत तयार असतो.

गुरुवारचा विचार वेगळा करावा. देखभाल-दुरुस्तीसाठी पाणीपुरवठा बंद ठेवायचा असेल तर महापालिका बहुधा गुरुवार निवडते, आणि तशी सूचना एक-दोन दिवस आधी वर्तमानपत्रांत येते. खाद्यदिन गुरुवारी येत असेल तर त्याला एका भांड्यात होणारा पदार्थ नेमावा: मसालेभात, वरणफळे, खिचडी. पालेभाजी निवडून धुणे, वाल सोलणे, इडलीपात्राच्या सहा ताटल्या घासणे ही कामे त्या दिवशी नकोत. भिजवण्याचे पाणीही बुधवारी भरून ठेवावे.

घरातल्या वयस्कर माणसांना यात सामील करून घेतल्याशिवाय पद्धत टिकत नाही. ‘उद्या पास्ता दिन आहे’ असे म्हटले तर आमच्या सासूबाईंना ते उगाच वाटले असते. ‘आई, उद्या वरणफळे करायची आहेत, तुमच्या आईच्या हातची असायची तशी चिंच किती घालायची?’ असे विचारले तेव्हा त्यांनी स्वतःच चिंच भिजत घातली आणि आमटीची चवही त्यांनीच पाहिली. मुलांना मात्र दिवसाचे मूळ नाव सांगावे, तारीख त्यांनाच कॅलेंडरवर लिहायला द्यावी. स्वतःच्या अक्षरात लिहिलेला पदार्थ मूल सहसा नाकारत नाही, हा माझा अनुभव आहे.

वर्षातल्या सगळ्या दिवसांत २९ सप्टेंबरचा दिवस मी सर्वांत कसोशीने पाळते. त्या रात्री नवे काहीही शिजवायचे नाही, असा आमचा नियम आहे. त्यासाठी आदल्या दिवशी मुद्दाम जास्त पोळ्या करू नयेत. फ्रीज उघडावा आणि आत जे आहे त्याचेच जेवण करावे. पोळ्या कुस्करून कांदा, मिरची, दाणे, हळद घालून फोडणीची पोळी होते. भाताचा फोडणीचा भात होतो आणि भाकरी असेल तर तिचा ताकातला काला. उरलेली आमटी कणकेत मुरवून त्याची थालीपिठे लावता येतात. वाटीभर उसळ असेल तर तीवर फरसाण, कांदा, दही घालून प्रत्येकाला दोन-दोन घास मिळतात. उरलेला भात मात्र तासाभराच्या आत फ्रीजमध्ये गेलेला असावा. दिवसभर ओट्यावर राहिलेला भात फोडणी देऊनही खाऊ नये, पोट बिघडते.

जेवण झाल्यावर कॅलेंडरच्या त्याच चौकटीत दोन गोष्टी लिहाव्यात: किती वेळ लागला आणि काय उरले. डिसेंबरअखेरीस जुने कॅलेंडर रद्दीत टाकण्यापूर्वी ते नव्या कॅलेंडरशेजारी टेबलावर पसरावे आणि पाने उलटत तारखा उतरवून घ्याव्यात. माझ्या गेल्या वर्षीच्या पानावर १० फेब्रुवारीखाली लिहिले आहे: ‘वाल अर्धा किलो जास्त झाले, पाव किलो पुरे. सोलायला कोमट पाणी दोनदा बदलले.’